ताई, गरौठ्याची ममता आली होती

ताई, काल शाळेत तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला झेंडूचा इतका जाड हार घातला होता की फोटोत फक्त कपाळ आणि चष्मा उरला होता. नव्या प्राचार्या बोलल्या, व्यवस्थापक बोलले, आणि तुम्ही ज्यांना दोनदा फाटकाबाहेर उभं केलं होतं ते माजी नगरसेवकही गहिवरून बोलले. सगळ्यांनी फिरून फिरून एकच सांगितलं : बड़ी बहनजींच्या काळात हायस्कूलचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला, त्यांनी एकाही मुलीला बोर्डात नापास होऊ दिलं नाही. मग मला उभं केलं. तुमच्या हाताखाली सोळा वर्षं गणित शिकवलेली मी एकटीच तिथे होते. मी चार मिनिटं बोलले. त्यातली साडेतीन खोटी होती आणि उरलेल्या अर्ध्यात मी नमस्कार केला.

खरं ते इथे लिहिते आहे. हयात असतात तर दुसऱ्याच वाक्याला "शैला, मुद्द्यावर ये" म्हणाला असतात. आता नाही म्हणता येणार. तुम्ही गेल्याचं दुःख आहे, रडून डोळे चुरचुरताहेत, पण तुमच्यापुढे एक बोलणं पुरं करता येतंय याचं समाधानही आहे. राग आला तर येऊ द्या.

मी लग्न होऊन भुसावळहून झाशीला आले तेव्हा माझं हिंदी ऐकून भाजीवालासुद्धा हसायचा. तुमच्या शाळेत मुलाखतीला आले. तुम्ही अर्धा तास हिंदीत प्रश्न विचारलेत, मी घामाघूम होऊन काहीतरी उत्तरं दिली, आणि शेवटी तुम्ही शुद्ध मराठीत म्हणालात, "हिंदी भयंकर आहे तुमचं. गणिताला चालेल." मी खुर्चीतच रडायला लागले. त्या गावात नवऱ्याखेरीज कोणी माझ्याशी मराठी बोललंच नव्हतं. तुमचं घराणं झाशीतलं किती पिढ्यांचं ते तुम्हालाही नीट सांगता यायचं नाही. तुमच्या बोलण्यात 'फडताळ' आणि 'शिंकाळं' असायचं आणि त्याच वाक्यात 'लेकिन' आणि 'मतलब'ही असायचं. मला ते ऐकून हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

पण शाळेच्या फाटकाच्या आत तुम्ही माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलत नव्हतात. दोन मराठी बायका आपसात कुजबुजतात असं मुलींना वाटता कामा नये, असं तुमचं म्हणणं होतं. घरी 'ताई', शाळेत 'बड़ी बहनजी'. माझी लेक पहिलीत होती आणि नवरा काविळीने ग्वाल्हेरच्या दवाखान्यात पडला होता, तेव्हा तुम्ही अकरा दिवस तिला स्वतःकडे ठेवलंत. रोज तिच्या इतक्या घट्ट वेण्या घातल्यात की तिच्या भुवया वर चढायच्या. ती अजून म्हणते की ताईमावशीकडचा वरणभात तिला आठवतो आणि त्या वेण्याही आठवतात. माझे सगळे तास तुम्ही घेतलेत. परत आले तर वर्ग माझ्यापेक्षा दोन प्रकरणं पुढे गेलेला होता. हे मी विसरलेली नाही, आणि तरी पुढचं लिहिते आहे.

शंभर टक्क्यांचं सांगते. काल सभेत ते कोणालाच ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सगळे गप्प होते.

दरवर्षी मे महिन्यात नववीचा निकाल लावायच्या आधी तुम्ही एकेका विषयाच्या शिक्षिकेला खोलीत बोलवायचात. नववीची परीक्षा घरची, पेपर आपले, गुण आपल्या हातात. दहावी बोर्डाची. पुढल्या वर्षी बोर्डात जी पडेल असं वाटतंय तिला नववीतच रोखायचं, हा तुमचा नियम. बाकीच्या शाळा अशा मुलींना बाहेरून फॉर्म भरायला लावतात, तुम्हाला ते अप्रामाणिक वाटायचं. म्हणून तुम्ही त्यांना नापास करत होतात. माझी पाळी आली की तुम्ही दार लावून घ्यायचात आणि मराठीत सुरू व्हायचात, म्हणजे बाहेरच्या चपराशाला आणि पलीकडच्या बाबूला कळू नये. वर्षभर जी भाषा फाटकाबाहेर ठेवलीत, ती तेवढ्या एका कामाला आत आणलीत. "हिला राहू दे. हिलाही राहू दे. ही जाईल." मी पेपर घरी नेत असे आणि लाल पेनाने पुन्हा तपासत असे. उत्तर बरोबर असलं तरी स्टेप सुटली म्हणून एक गुण, आकृतीला नावं नाहीत म्हणून अर्धा. दहा गुण कापायला मला अर्धा तास पुरायचा. त्या कामात मी फार हुशार झाले होते.

तुम्ही हे बिनदिक्कत केलंत असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे उत्तर होतं आणि ते फालतू नव्हतं. खेड्यातला बाप शाळेत येतो, तो इमारत बघत नाही, पुस्तकं बघत नाही, विचारतो की इथे मुली पास होतात का. त्याला शंभर टक्के दाखवले की तो मुलगी सोडून जातो. एक जरी पडली तर पुढल्या वर्षी त्या गावच्या चार येत नाहीत. चारांसाठी एकीचं एक वर्ष. तुम्ही स्वतः टेम्पोला लटकून मऊ, चिरगाव, गरौठ्यापर्यंत गेलात, लोकांच्या ओसरीवर बसून त्यांच्या लेकी मागून आणल्यात. तुमच्यामुळे नर्स झालेल्या, मास्तरीण झालेल्या बायका काल सभेत ओळीने बसल्या होत्या. त्या खऱ्या आहेत. त्यांच्या गुणांवरून मी कधी लाल पेन फिरवलं नव्हतं.

ममताला तुम्हीच आणलं होतंत. गरौठ्याच्या पुढच्या गावची, बाप शेतात आणि बिडीच्या पानांच्या कामात. बड़ा बाज़ारातल्या कापडाच्या दुकानात मामा कामाला होता, त्याच्या खोलीत राहून ती शाळेत यायची. वर्गात दबलेली, पण गणितात नेटाची. तिचं एक होतं, गणित सोडवताना ती प्रत्येक ओळ लिहायची नाही. मनात करायची आणि उत्तर लिहायची. मी ओरडायचे, ती मान हलवायची आणि पुन्हा तसंच करायची. वार्षिक परीक्षेत तिला गणितात छत्तीस पडले. पास व्हायला तेहेतीस लागतात. इंग्रजीत ती काठावर होती, विज्ञानात बरी होती. ती सरळ पास होती, ताई.

तुम्ही यादीवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "ही बोर्डात पडेल. इंग्रजी कच्चं आहे. गणितातच ठेव, इंग्रजीवाल्या बहनजी ऐकायच्या नाहीत." म्हणजे दुसरी कोणी हट्टी होती म्हणून मुलगी माझ्या विषयात पडायची होती. मी म्हटलं की ताई, ती मनात करते, डोकं चांगलं आहे. तुम्ही म्हणालात की बोर्डाचा परीक्षक मनात बघत नाही. मग थोडं थांबून म्हणालात की मला नोकरीत पक्की करायची फाईल समितीकडे गेली आहे, पुढच्या आठवड्यात बैठक आहे. या दोन गोष्टींचा संबंध तुम्ही जोडला नाहीत. तो मीच जोडला, घरी येताना, सायकल रिक्षात बसून. तिच्या न लिहिलेल्या स्टेपा सापडायला मला काहीच त्रास झाला नाही. छत्तीसचे एकोणतीस झाले. पुढच्या आठवड्यात मी पक्की झाले आणि तुमच्या घरी पेढे घेऊन आले.

निकालानंतर तिचा बाप आला होता. उन्हातून आलेला, गमछ्याने मान पुसत तुमच्या ऑफिसच्या दाराशी उभा. आत या म्हटलं तरी आला नाही. त्याने गुणपत्रक उलटं धरलं होतं, त्याला वाचता येत नव्हतं. मला विचारलं की बिटियेला खरंच काही समजत नाही का. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फार प्रेमाने बोललात त्याच्याशी, ते मला जास्त लागलं. तुम्ही म्हणालात की मुलगी मेहनती आहे, एक साल और पढ़ा लीजिए, हो जाएगी. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साल कहाँ धरो है, बहनजी. भाइयन से लड़ कें भेजी ती." भावांशी भांडून पाठवलेल्या मुलीसाठी आणखी एक वर्ष त्याच्याकडे नव्हतंच. त्याने टी.सी. मागितली. बाबूने ती लिहिली, तुम्ही सही केलीत. जाताना त्याने तुमच्या पायांना हात लावला. जेठ महिना संपायच्या आत ममताचं लग्न झालं. बोर्डाच्या परीक्षेला बसायचं ते वय, आणि ती सासरी चुलीपुढे बसली.

मी तुम्हाला हे सांगायला घरी आले होते. त्या संध्याकाळी आपण लक्ष्मी तालाकडे फिरायला गेलो. मी म्हटलं, ताई, ती पास होती. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात की एका वर्षाने काय बिघडतं. आणि मग ती गोष्ट सांगितलीत, दरवर्षी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगायचात तीच : तुम्ही स्वतः इंटरला नापास झाला होतात, वडील म्हणाले होते पुन्हा बस, तुम्ही पुन्हा बसलात आणि आज या खुर्चीवर आहात. मुली टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवल्या आहेत.

ताई, तुमची चूक तिथे होती आणि ती तुम्हाला शेवटपर्यंत दिसली नाही. तुम्ही मुलींचा तिरस्कार करत नव्हतात, त्यांच्यासाठी तर झिजलात. पण तुमच्या घरात मुलगी नापास झाली तर बाप म्हणायचा पुन्हा बस. माझ्या घरातही तेच म्हणाले असते. आपल्याकडच्या मुलींना दुसरी संधी ताटात वाढलेली असायची, म्हणून आपल्याला वाटलं ती सगळ्यांच्याच ताटात असते. तुम्ही गावोगाव फिरलात, त्या ओसऱ्यांवर पाणी प्यायलात, तरी तुम्हाला हे कळलं नाही की त्या घरातून मुलगी एकदाच बाहेर सोडतात. इतकी वर्षं मुख्याध्यापिका असून एवढं न कळणं हा गुन्हाच आहे. मी हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चला ताई, डास चावताहेत."

तुम्हाला एकटीला दोष देऊन मी मोकळी होत नाहीये. तुम्ही फक्त बोट ठेवलंत. पेन माझं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही मला काढलं नसतं, फार तर फाईल एक वर्ष मागे ठेवली असती. एका वर्षाने माझं खरंच काही बिघडलं नसतं.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे आले होते. तुम्ही खाटेवर, नाकात नळी, हात काडीसारखे झालेले. भाची पेज भरवत होती, तिला मी बाहेर पाठवलं आणि स्वतः भरवायला बसले. चार चमचे झाल्यावर मी मुद्दाम विचारलं. हो, मुद्दाम. मरायला टेकलेल्या माणसाला असं विचारू नये हे मला कळत होतं. "ताई, ममता आठवते?" मला वाटलं तुम्ही म्हणाल कोणती, शाळेत ममता पन्नास होऊन गेल्या. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "गरौठ्याची. छत्तीस होते."

म्हणजे तुम्हाला गुणांसकट आठवत होतं. बावीस वर्षं आठवत होतं आणि तुम्ही टाळ्या घेत होतात. मी चमचा तसाच धरून बसले. मला वाटलं आता काही म्हणाल. तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. मी पेज तिथेच ठेवून निघून आले, तुम्हाला अर्धपोटी ठेवून. ती आपली शेवटची भेट. त्याची मला लाज वाटते, आणि पुन्हा तसंच करीन असंही वाटतं.

आता कालचं. सभा संपली, खुर्च्या गोळा व्हायला लागल्या. व्हरांड्यात एक बाई माझ्यासमोर आली, पायांना हात लावला. पदर डोक्यावर, हातात कागदात गुंडाळलेली गुलाबाची फुलं, बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. "पहचानी नहीं बहनजी? ममता. गरौठा वाली." गर्दी ओसरली की फुलं तुमच्या फोटोला वाहायची म्हणून ती थांबली होती. सभेत तिने तुमच्याबद्दल ऐकलं ते सगळं तिला खरं वाटत होतं. म्हणाली की बड़ी बहनजींनी तर बाबूजींना सांगितलंच होतं, एक साल और, आमचंच नशीब. नवरा आता झाशीत गाडी चालवतो, म्हणून मुलीला याच शाळेत नववीत घातलं. मी विचारलं विषय कोणते. मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येतं, तुम्हाला माहीत आहे. ममता म्हणाली, गृहविज्ञान. मुलगी खाली बघत हळूच म्हणाली की मला गणित हवं होतं. ममताने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हसून मला म्हणाली, "हमारे यहाँ गणित किसी के बस का नहीं, बहनजी. आपने तो देखा ही था."

आपने तो देखा ही था. ताई, हे वाक्य तुम्ही ऐकायला हवं होतं. मला एकटीला ऐकावं लागलं.

नववीचं पंजीकरण, बोर्डाकडची नोंदणी, याच महिन्यात व्हायची आहे. ते झालं की विषय बदलत नाही. मी गप्प बसले असते तर तुमची शोकसभा छान पार पडली असती, ममता फुलं वाहून समाधानाने घरी गेली असती, आणि ही मुलगी चार वर्षांनी अशीच कुणापुढे तरी म्हणाली असती की आमच्या घरात गणित जमत नाही. मी ममताला सांगितलं. त्या व्हरांड्यातच, खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभी राहून. तुला छत्तीस होते. तू पास होतीस. एकोणतीस मी केले.

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती मुलीकडे वळली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली की जा, ऑफिसात विचारून ये, विषयाचा फॉर्म अजून बदलतात का. मुलगी पळाली. ती दिसेनाशी झाली तेव्हा ममताने विचारलं, "बड़ी बहनजी को मालूम था?"

ताई, मी 'नाही' म्हणू शकले असते. तुमच्या फोटोपुढे अगरबत्ती अजून जळत होती. मी म्हटलं, हो, त्यांनी सांगितलं होतं, मी लिहिलं. तिने हातातली फुलं बघितली. टाकली नाहीत, परतही नेली नाहीत, जवळच्या खुर्चीवर ठेवली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. रडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती म्हणाली की लग्नानंतर बाबूजी दर दिवाळीला यायचे आणि दरवेळी माफी मागायचे. म्हणायचे, चूक माझी झाली, बिटियेला झेपत नसताना मी तिच्यावर शाळेचं ओझं टाकलं. चार वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या दिवसापर्यंत हेच म्हणत होते.

मग ती म्हणाली, "हम तो जान गए, बहनजी. अब उनसे कौन कहेगा?"

मुलगी धावत परत आली, म्हणाली उद्या आईची सही घेऊन ये म्हटलंय. ममताने तिचा हात धरला आणि दोघी फाटकाकडे गेल्या. मला नमस्कार केला नाही, ते बरंच केलं.

रात्रभर तिचा प्रश्न डोक्यात होता, आणि सकाळी उठल्यावर मला कळलं की तो माझ्यासाठी नाहीच. मला अजून इथे राहायचंय, मला तिकडे जाता येत नाही. तुम्ही गेलात. ममताचा बापही तिकडेच आहे. आयुष्यभर तुम्ही असल्या बापांना गाव गाव धुंडाळत शोधून काढलंत, हाही सापडेल. उंच माणूस, काळा, गमछा मानेभोवती, बोलायच्या आधी बराच वेळ गप्प राहतो. तो तुम्हाला बघून पुन्हा वाकेल, पायांना हात लावायला येईल. लावू देऊ नका, ताई. त्याला सांगा की पोरगी पास होती.